नऊ दुबार ओळी

नाव: श्रीमती सिद्धेश्वरी शिवानंद कलशेट्टी. वय: त्रेचाळीस. पदनाम: डेटा एंट्री ऑपरेटर, कंत्राटी, मुदत अकरा महिने, खंड एक दिवस, पुन्हा अकरा महिने. कामाचे स्वरूप: जिल्ह्यातील रुग्णवाहिकांच्या आदल्या दिवशीच्या नोंदी उतरवून घेणे, त्यातील दुबार नोंदी वगळणे व स्वच्छ केलेली माहिती सकाळी अकराच्या आत साथरोग पूर्वसूचना कक्षास सादर करणे. भाषा: मराठी, इंग्रजी टंकलेखन. इतर भाषा: लागू नाही. निर्णयाधिकार: नाही. वर्तणूक: समाधानकारक. कामातील त्रुटी: निरंक.

हा उतारा तिच्या मुदतवाढीच्या प्रस्तावातला. प्रस्ताव दर अकरा महिन्यांनी तयार होतो. तो तीच टाइप करते, साहेब सही करतात. वय आणि यंदा नव्या कक्षामुळं कामाचं स्वरूप, एवढं सोडलं तर गेल्या सहा वर्षांत त्यात काही बदललेलं नाही. एका वर्षी वयही बदलायचं राहून गेलं होतं आणि सरकारदरबारी तिचं एक वर्ष फुकट वाचलं.

साथरोग पूर्वसूचना कक्ष म्हणजे सोलापुरातल्या एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. टेबलं दोन, पंखा एक, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा दाखवणारा मोठा पडदा. कोपऱ्यात लसींच्या रिकाम्या शीतपेट्या एकावर एक रचलेल्या. त्यांतल्या सगळ्यात वरच्या पेटीत सिद्धेश्वरीचा जेवणाचा डबा असे. खोलीत थंड राहणारी ती एकच वस्तू होती.

मुळात कल्पना चांगली होती. दवाखान्यांचे आकडे आठवड्यानं येतात, तेही कुणी आठवण केली तर. रुग्णवाहिका मात्र माणूस पडला की निघते. गावात काही पसरू लागलं तर ते डॉक्टरच्या आधी, सरपंचाच्या आधी, वर्तमानपत्राच्या तर कितीतरी आधी गाडीला कळतं. तेव्हा रोज गाड्यांच्या नोंदी बघाव्यात आणि एका गावातून एका दिवसात अपघात, बाळंतपण वगळता पाच रुग्ण निघाले, तर नकाशावर त्या गावाचा ठिपका लाल व्हावा, अशी ती योजना. ठिपका लाल झाला की पथक निघायचं, जीपसकट. पाच महिने झाले होते. ठिपके सगळे हिरवे होते. पाहुणे आले की त्यांना पडदा दाखवत आणि पाहुणे म्हणत, "वा, जिल्हा छान आहे तुमचा."

हिरवाईत सिद्धेश्वरीचा वाटा मोठा होता. गाडी बोलावणारा माणूस एकदाच फोन करून गप्प बसत नाही. "निघाली का", "कुठवर आली", "आम्ही कमानीपाशी उभे आहोत", असे तीन-तीन फोन करतो, आणि अधूनमधून प्रत्येक फोनाची वेगळी ओळ होऊन बसते. म्हणून नियम ठरला: एकाच मोबाइल क्रमांकावरून चोवीस तासांत आलेल्या नोंदी दुबार समजाव्यात, पहिली ठेवावी, बाकीच्या वगळाव्यात. त्यासाठी संगणकात एक बटण होतं. ती ते रोज सकाळी साडेदहाला दाबत असे. एकशे वीस ओळी असल्या तर पंचाण्णव उरत. तांदूळ निवडून ताट पुढं सरकवल्यासारखं तिला बरं वाटे.

बरं वाटणं तिच्या बाबतीत दुर्मीळ. स्वस्थपणा तिच्या अंगात नव्हता. घराचं कुलूप लावून ती जिन्याच्या खालच्या पायरीवरून वर येऊन पुन्हा ओढून बघे. गॅसच्या बटणासाठी तिनं दोनदा रिक्षा परत फिरवलेली होती. खुर्चीत बसली की डावा पाय हलायला लागे. ज्या फाइलीतून ओळी काढायच्या तिची मूळ प्रत ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण टाकून देणं जमत नसल्यामुळं पाच महिन्यांच्या सगळ्या मूळ प्रती तिच्याकडं होत्या. श्रीखंडाचे रिकामे डबेही होते.

श्रावणातल्या एका शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, खाकी पँट आणि पांढरा शर्ट घातलेला पन्नाशीचा एक माणूस दारात उभा राहिला. दक्षिणेकडच्या, सीमेलगतच्या भागातल्या रुग्णवाहिकेचा तो चालक. त्या खात्यात चालकाला पायलट म्हणतात. नाव महेश्वर.

"हितं कलशेट्टी मॅडम कोण?"

"मी."

"तुमीच का." त्यानं तिला नीट न्याहाळून घेतलं. "लई दिवस इच्छा हुती बघायची. म्हणलं, एका पेशंटमागं माजी गाडी एकशे बेचाळीस किलोमीटर पळवणारी बाई हाय तरी कशी."

त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढून तिच्या टेबलावर उलगडला. डिझेलचा हिशेब बघणाऱ्या शाखेची नोटीस होती. सोमवार. फेरी एक (श्रीमती कलशेट्टी यांनी सादर केलेल्या यादीनुसार). अंतर एकशे बेचाळीस कि.मी. सदर तफावतीबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

"आता काय लिहू सांगा. गावापास्नं दवाखाना चौदा किलोमीटर. पेशंटला पाच वेळा नेलं आन् चार वेळा परत आणलं असं लिहू? का म्हणू, पेशंटला वाटेत भजी खावीशी वाटली, म्हणून हुटगीपर्यंत गेलो?"

"फेऱ्या किती मारल्या तुम्ही?"

"पाच. सात माणसं. दोनदा जोडीनं नेली, बाकीची सुटी. चार वाजल्यापास्नं निस्तं जा आन् ये."

"सात?"

"सातच की. त्याच्या मागल्या सोमवारी चार. तवा दोन फेऱ्यांत भागलं म्हणून वाचलो, कुणी इचारलं न्हाय."

"सगळे एकाच गावचे?"

"चिक्कहळ्ळीचे. समदे. तुमच्या कागदावर एकच हाय. मग बाकीचे सा जण मी काय वाटेत पिकवले व्हय?"

सिद्धेश्वरीचा पाय हलायचा थांबला. तिनं सोमवारची मूळ फाइल उघडली.

सात ओळी होत्या. चार वाजून दहा मिनिटांपासून सात वाजून पन्नासपर्यंत. वयं चौतीस, एकोणतीस, पंचावन्न, बेचाळीस, अडुसष्ट, साठ, एकोणीस. तक्रारीच्या रकान्यात ज्याला जे सुचलं ते: चक्कर, उलटी, अशक्तपणा, हातपाय थरथरणे, इतर. फोन करणाऱ्याचं नाव सातही ओळींत बसप्पा, मोबाइल क्रमांक सातही ओळींत तोच. रुग्णाशी नाते: शेजारी, शेजारी, शेजारी, शेजारी, पाचव्या ओळीत, बसव्वा, वय अडुसष्ट, तिथं 'भाऊ', पुढं पुन्हा शेजारी, शेजारी.

"हा बसप्पा कोण?"

"गिरणीवाला." महेश्वरनं न विचारता खुर्ची ओढून घेतली. "तितं बायका समद्या कानडी. फोन लावला की पलीकडची बाई मराठीत इचारती, तालुका कुठला, जवळची खूण काय, तरास कधीपास्नं. ह्या घाबरत्यात. मग पळत्यात गिरणीकडं. बसप्पा सोलापुरात सूतगिरणीत हुता बारा वर्सं, त्याला समदं बोलता येतं. बाळंतीण असू द्या, साप असू द्या, म्हातारं न्हाणीत पडू द्या, अख्ख्या गावाचा फोन त्योच लावतो. मला तर त्याचा नंबर पाठ हाय, बायकूचा न्हाय."

तिनं मागचा सोमवार उघडला. चार ओळी, तोच क्रमांक. मग मागं मागं जात राहिली. पाच महिन्यांत चिक्कहळ्ळीत एका दिवसात एकापेक्षा जास्त माणसं कधीच आजारी पडली नव्हती, आणि पडणारही नव्हती; गाव दोन हजार वस्तीचं असलं तरी बटणाच्या दृष्टीनं तिथं एकच माणूस राहत होता. श्रावणातल्या दोन सोमवारी मिळून अकरा जण गाडीत चढले. नकाशाकडं दोन गेले. नऊ ओळी तिनं काढल्या होत्या, साडेदहा वाजता, बोटानं.

"खुलाशात काय लिहू मग?" महेश्वरनं विचारलं.

"लिहा की फेऱ्या पाच होत्या. माझं नाव घाला."

"तुमचं? कशाला?"

"घाला तुम्ही."

तो उठला. दारात वळून म्हणाला, "मॅडम, मी भांडायच्या तयारीनं आलतो. वाटंत चार वाक्यं पाठ केलती. तुमी एक बी म्हणू दिलं न्हाय."

कक्षाचे प्रमुख घाडगे साहेब वाईट माणूस नव्हते. शांत होते. टेबलावर काच, काचेखाली गणपती आणि सुट्ट्यांची यादी. तिनं उभ्यानं सगळं सांगितलं. त्यांनी पेनचं टोपण लावून घेतलं आणि विचारलं, "ठिपका लाल झाला होता का?"

"नाही, सर. मी ओळी काढल्या म्हणून नाही झाला. मंगळवारी सकाळी व्हायला हवा होता."

"नियमाप्रमाणेच काढल्या ना?"

"हो."

"मग तुमची चूक नाही."

"पण सर, ती माणसं..."

"तुमची नाही म्हटल्यावर नियमाची. नियम आपला नाही, वरून आलेला. वर लिहायचं तर आकडे लागतात. बुधवारी आढावा आहे, त्यात मांडू. सोमवारी पाण्याच्या नमुन्यांसाठी पत्र काढतो, गुरुवारपर्यंत पथक जाईल."

"सोमवारी पुन्हा होईल, सर. तिसरा सोमवार आहे."

"कशावरून?"

"दोन्ही वेळेला सोमवारच होता."

घाडगे साहेबांनी तिच्याकडं मायेनं पाहिलं. "कलशेट्टी मॅडम, दोन सोमवारांवरून कल सिद्ध होत नाही. किमान तीन लागतात."

ती जायला वळली तेव्हा त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून पुन्हा ठेवला. "तुमचा प्रस्ताव आलाय सहीला. त्यात त्रुटींचा रकाना असतो, माहिती आहे ना तुम्हाला? उगाच अंगावर ओढून घेऊ नका. सहा वर्षं झाली तुम्हाला." हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच तिचं बरं व्हावं असं वाटत होतं, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं.

संध्याकाळी ती घरी आली आणि चप्पल काढून पुन्हा घातली. कुठं जायचं होतं असं नाही. शिवू, म्हणजे तिचा नवरा, टॉवेलच्या कारखान्यातून नुकताच आला होता, कानात कापसाचे कण. तो म्हणाला, "बस की जरा." ती बसली आणि उठली. पाणी असेल, हे तिला पटत नव्हतं. पाणी सोमवारचा उपवास धरत नाही, मंगळवारीही पितात. दर सोमवारी चार वाजता गावाला काय होतं? आणि पुरुष एकच, एकोणीस वर्षांचा. बाकी सगळ्या बायका.

स्वयंपाकघरात सासूबाई ओट्याशी डबे हलवून बघत होत्या. घरात बोलणं कानडीतच चाले. सासूबाईंना ती अत्ती म्हणत असे.

"सिद्दू, भगर संपली बघ. सोमवारला पाहिजे. आणि पाकिटातली आण, सुटी आणू नको. सुटं विकणारे शिवरात्रीचं उरलेलं श्रावणात खपवतात."

सिद्धेश्वरी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"जुनी खाल्ली तर काय होतं, अत्ती?"

"काय व्हायचंय? डोकं गरगरतं. हात कापतात. दळून ठेवलेली असेल तर आणखी वाईट, पिठाला बुरशी धरली तर दिसत नाही की. आमच्या माहेरी एकदा अर्धी गल्ली आडवी झाली होती. बायाच सगळ्या. म्हाताऱ्या म्हणाल्या, पूजेत काहीतरी चुकलं." अत्तींनी डब्याचं झाकण दाबलं. "पूजेत काय चुकतंय? उपवास बाया करतात, म्हणून बाया पडल्या."

जिल्ह्याच्या पूर्वसूचना प्रणालीला पाच महिन्यांत जे जमलं नव्हतं ते अत्तींनी डबे पुसता पुसता केलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी शेंगदाण्याचा डबा हलवला आणि तोही यादीत घातला.

शनिवारी कार्यालय बंद. नोंदींतल्या क्रमांकावर खासगीरीत्या संपर्क साधणं हा शिस्तभंग आहे, अशी ओळ तिच्या करारात होती. तीही तिनंच टाइप केलेली. सकाळी दहाला ती गच्चीवर गेली. वाळत घातलेल्या चादरींच्या मधून दोन फेऱ्या मारल्या, खाली जाऊन गॅस बघून आली, आणि मग क्रमांक लावला.

पलीकडं गिरणीचा पट्टा धडधडत होता. "हॅलो, कोन बोलतंय?" मराठीत, सावध. गावासाठी फोनवर मराठीत उत्तरं देऊन सरावलेल्या माणसाचा आवाज.

तिनं कानडीत नाव सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम सैल झाला. "हेळ्री अक्का, हेळ्री." सांगा ताई, सांगा. पुढचं सगळं बोलणं कानडीतच झालं.

"तुम्ही गाडीला फोन करता ना, ते मी लिहून घेते. गेल्या सोमवारी सात जणांसाठी केलात. कसे आहेत सगळे?"

"सहा बरे आहेत. भावकीतली एक अजून भिंत धरून चालते, पण चालते."

"आणि बसव्वा?"

"ती माझी अक्का. मोठी बहीण." पट्टा धडधडत राहिला. "मंगळवारी घरी सोडलं होतं. गाडीतून उतरून दारापर्यंत स्वतः चालत आली. बुधवारी सकाळी गेली. वय झालं होतं, सगळे म्हणाले."

सिद्धेश्वरीनं चादरीच्या दोरीला धरलं. मंगळवारी. मंगळवारी साडेदहाला तिनं बटण दाबलं होतं. ठिपका लाल झाला असता तर अकरा वाजता जीप निघाली असती, आणि कुणीतरी दवाखान्यात फोन करून सांगितलं असतं की ह्या सगळ्या एकाच गावच्या आहेत, आज सोडू नका.

"बसप्पा, त्या दिवशी ह्या सगळ्यांनी काय खाल्लं होतं?"

"उपवास होता. काय खाणार? भगरीची भाकरी."

"भगर कुठली?"

"पीठच नेतात की तयार. गिरणीतच ठेवतो मी डबा भरून, श्रावणात गर्दी असते, बायकांना थांबायला नको म्हणून..."

तो तिथं थांबला. पुढचं विचारायला हवं होतं, पण तिला ते वाक्य बनवता येईना.

"दळलेलं कधीचं आहे?" असं शेवटी तिनं म्हटलं.

"शिवरात्रीचं." तो म्हणाला. "दोन पोती आणली होती. निम्मं राहिलं. डबा पत्र्याखाली असतो. पत्रा गळतो."

पट्ट्याचा आवाज बंद झाला. त्यानं बटण बंद केलं असावं. आता गच्चीवर आणि गिरणीत सारखीच शांतता होती.

"आम्हीही तेच खाल्लं," तो म्हणाला. "मला थोडं गरगरलं. मी म्हटलं, उन्हात उभा होतो."

"परवा पुन्हा सोमवार आहे."

"माहीत आहे मला सोमवार आहे." आणि मग, "तुम्ही सरकारातर्फे बोलताय का?"

"नाही. मी नुसती लिहून घेणारी."

"मग तुम्हाला कसं कळलं हे?"

"तुमच्या फोनांवरून. एकाच दिवशी सात."

"मग मंगळवारी का नाही सांगितलं, अक्का?"

तिनं सांगायला सुरुवात केली. नियम आहे, एकाच नंबरावरून आलेल्या ओळी काढून टाकायच्या असतात, त्या मी काढल्या. कानडीत 'दुबार नोंद' काय म्हणायचं ते तिला आठवेना. 'ओळी' असं ती दोनदा म्हणाली. "ओळी म्हणजे?" त्यानं विचारलं. "माणसं," ती म्हणाली. फोन बंद झाला. त्यानं ठेवला की रेंज गेली, ते तिला कळलं नाही, आणि पुन्हा लावला तर लागला नाही.

रविवारभर तिनं तो नंबर अकरा वेळा लावला. बंद. शिवूनं विचारलं, "कुणाला लावतीयेस?" ती म्हणाली, "ऑफिसचं आहे." शिवू म्हणाला, "ऑफिसला सुट्टी असते, तुझ्या बोटाला नसते." सोमवारी ती कामावर गेली. भगर पाकिटातली आणली होती, तरी तिनं खाल्ली नाही. अत्तींनी दोनदा विचारलं आणि मग स्वतःही भगरीऐवजी राजगिरा खाल्ला. चार वाजता ती पडद्याकडं बघत बसली. पडद्याला त्याचं काय, तो कालचं दाखवत होता.

मंगळवारी सकाळी दहाला मूळ फाइल आली. तिनं बसप्पाचा क्रमांक शोधला. नव्हता. चिक्कहळ्ळी शोधलं. नव्हतं. शून्य ओळी.

पाच महिने तिला शून्य आवडत असे. आता ती त्याच्याकडं बघत राहिली आणि काही केल्या त्याचा अर्थ लागेना. गावात कुणी आजारी पडलं नाही तरी शून्यच येणार. पाच पडल्या, दहा पडल्या, आणि फोन करणाऱ्यानं फोनच बंद करून ठेवला, तरीही शून्यच. पडद्यावर दोन्ही सारखेच हिरवे. गावाचा एकमेव फोन तिनं गप्प केला होता की गावाचा आजार, हे सांगेल असा एकही रकाना त्या तक्त्यात नव्हता.

साडेदहा वाजले. तिनं बटण दाबलं नाही. महेश्वरला फोन लावला.

"मॅडम! मीच लावणार हुतो. खुलासा दिला बरं का, तुमचं नाव घालून. आता ते तुमाला खुलासा इचारनार."

"ते राहू द्या. काल चिक्कहळ्ळीत काय झालं?"

"काय न्हाय झालं. तेच तर सांगायचं हुतं." गाडी बाजूला घेऊन उभी केल्याचा आवाज आला. "फोन न्हाय आला म्हणून मलाच करमंना. चार वाजता गाडी घेऊन गेलो आन् गिरणीपुढं लावली. बसप्पा रस्त्यावर बसलेला. शेजारी त्यो पत्र्याचा डबा, उलटा. म्हणलं काय रं हे? तर म्हणाला, रिकामा हाय."

"पीठ?"

"खड्डा खणून पुरलं, वर चुना. रईवारी दिवसभर घरोघर फिरला म्हणं. दाराला उभा राहून सांगायचा, माझ्याकडनं नेलेलं पीठ परत द्या, ह्यानं माझी अक्का मेली. लोकांना वाटलं, बहिणीच्या दुःखानं डोस्कं फिरलं. पर येड्याशी कोण वाद घालतंय? दिल्या समद्यांनी पिशव्या."

"आणि चारनंतर?" तिनं विचारलं.

"आठ वाजंस्तवर थांबलो. कुणी पडलं न्हाय. फोन का बंद म्हणून इचारलं तर म्हणाला, चार्जिंगला लावायचं सुचलं न्हाय." महेश्वर हसला, पण थोडंच. "मॅडम, अठ्ठावीस किलोमीटर झाले. फेरी शून्य. ह्याचा बी खुलासा मागतील बघा."

"मागू द्या," सिद्धेश्वरी म्हणाली. "आणा इकडं. आपण लिहू."

गुरुवारी पथक गेलं, जीपसकट. पाण्याचे सहा नमुने घेतले. सहाही पिण्यास योग्य निघाले. पिठाचा नमुना घेता आला नाही, कारण पीठ चुन्याखाली होतं आणि खड्डा उकरण्याची तरतूद पत्रात नव्हती. अहवालात नोंद झाली की श्रावणातील दोन सोमवारी सौम्य स्वरूपाचा त्रास आढळला, कारण निश्चित झाले नाही, पूर्वसूचना प्रणालीच्या सतर्कतेमुळे परिस्थिती तत्काळ आटोक्यात आली, मृत्यू निरंक. मृत्यूच्या रकान्यात गाडीतले आणि दवाखान्यातले धरतात. घरातले धरत नाहीत.

घाडगे साहेबांनी मात्र एक गोष्ट केली, आणि ती त्यांच्या नावावर लिहायला हवी. आढाव्यात त्यांनी नियम बदलून घेतला: दुबार ठरवताना मोबाइल क्रमांकासोबत रुग्णाचे नाव व वयही तपासावे. ते बटणाला जमत नाही. म्हणून आता ती एकेक ओळ वाचते आणि माहिती अकराऐवजी बाराला जाते. तिच्या टेबलाच्या खणात एक वही आहे. तीत सीमेलगतच्या चौदा गावांपुढं एकेक नाव आणि नंबर आहे. एकीकडं शिंपी, एकीकडं आशाताई, दोन ठिकाणी गिरणीवाले. गावाच्या वतीनं बोलणारी माणसं. महेश्वरनं गाडी उभी करून एकेक विचारून दिलेली. बसप्पाचा फोन अजूनही येतो, बाळंतिणीसाठी, विंचवासाठी. मूळ फाइलीत त्याचा क्रमांक दिसला की तिचा पाय हलायचा थांबतो आणि ती नावं मोजते. स्वतः तिला त्यानं कधी फोन केला नाही. तिनंही केला नाही.

भाद्रपदात प्रस्ताव पुन्हा टाइप करायचा होता; पहिल्यात तारीख चुकली म्हणून तो वरून परत आला होता. तिनं तारीख दुरुस्त केली. 'इतर भाषा' पुढं 'कन्नड' घातलं. 'कामातील त्रुटी' पुढं 'नऊ' असं टाइप केलं.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "नऊ काय?"

"ओळी, सर."

"टायपिंगची चूक दिसते," ते म्हणाले, आणि हातानं दुरुस्ती करून, बाजूला लघुसही करून, खाली मोठी सही केली. कन्नडही खोडलं, तशी तरतूद पदाच्या अर्हतेत नव्हती. मुदतवाढ मंजूर झाली. वर्तणूक: समाधानकारक. निर्णयाधिकार: नाही. कामातील त्रुटी: निरंक.

बसव्वा, वय अडुसष्ट, दुसऱ्या सोमवारची पाचवी ओळ, बुधवारी सकाळी वारली.